वैरणीच्या खोलीतला पाहुणा

"उत्तम, सरदारजींना मागच्या वैरणीच्या खोलीत ने," तात्या म्हणाले. "बाज टाक, पाण्याची कळशी ठेव. वऱ्हाड माघारी जाईस्तोवर तितंच बसू दे त्यांना."

मी बहिणीच्या लग्नाच्या मांडवाच्या मेढीला आंब्याचे डहाळे बांधत होतो. वडलांचं बोलणं ऐकून हातातली सुतळी तशीच राहिली.

"पाहुण्याला वैरणीत? तात्या, ते पंजाबातनं शालनच्या लग्नाला आल्यात."

"मला कळत न्हाय व्हय?" तात्यांनी आवाज खाली आणला. "रेडिओ ऐकलास न्हवं? काल सांजचं तिकडं अतिरेक्यांनी परत बस अडवली. खाली उतरवून एकेकाला गोळ्या घातल्या. आन आज वऱ्हाडात हौसाबाई येणार हाय."

हौसाबाई म्हणजे नवऱ्या मुलाची सख्खी चुलती. त्यांचा मुलगा अशोक माझ्यासारखाच गलाईच्या धंद्यात होता. आमच्या खानापूर तालुक्यातली पोरं अशी देशभर पांगलेली. सोनारांची मोड भट्टीत आटवून सोनं-चांदी शुद्ध करून द्यायची, हाच आमचा धंदा. अशोक पंजाबात तरनतारनकडे होता. मागल्या थंडीत तो बसनं निघाला आणि वाटेत ती बस अडवली गेली. त्याचं प्रेतसुद्धा गावाला आणता आलं नव्हतं.

सत्याऐंशी सालचा मे महिना होता तो. मीही तेव्हा पंजाबातच होतो, लुधियान्याच्या पलीकडे एका बाजारपेठेच्या गावात. दुकान आणि वरची खोली लाभसिंग सरदारजींची. वय पंचावन्नच्या पुढं, दाढी निम्मी पांढरी, धान्याची आडत होती त्यांची. त्या वर्षांत आमच्या धंद्यातली कितीतरी माणसं पंजाब सोडून निघून गेली. मीही एकदा बोचकं बांधलं होतं. सरदारजींनी ते सोडायला लावलं आणि दुसऱ्या दिवसापासून दिवेलागणीला माझ्या दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसायला लागले. काही बोलायचे नाहीत. मी भट्टी विझवून कुलूप लावलं की खुर्ची उचलून घरी जायचे. मला ते 'उत्तमसिंग' म्हणायचे. म्हणायचे, तुझं नाव आमच्यातलंच आहे, फक्त फेटा बांधायचा राहिलाय.

शालनचं लग्न ठरल्याचं त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनीच विचारलं, "मी आलो तर चालेल? तिथून पुढं नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनालाही जाईन." तात्यांनी तर पत्रावर पत्र पाठवलं होतं, 'तुम्ही माझ्या पोराला पोटच्या पोरागत सांभाळलं, तुमचे पाय आमच्या घराला लागले पाहिजेत' म्हणून.

आणि खरंच, लग्नाआधीचे तीन दिवस तात्यांनी त्यांना हातावर झेललं. शेजारी पाट मांडून जेवायला बसवलं. विहीर दाखवली, बैल दाखवले. सरदारजींना मराठी येत नव्हती, तात्यांना हिंदी येत नव्हती; मधे मी. एका संध्याकाळी ओट्यावर बसल्यावर तात्यांनी मला सांगितलं, "विचार त्यांना, तिकडं हे कवा थांबायचं?"

सरदारजींचं बोलणं पंजाबी वळणाच्या हिंदीत असायचं. ते आपल्या भाषेत सांगतो.

"सत्तेचाळीसच्या फाळणीत मी मिसरूड फुटलेला पोर होतो, तात्याजी," ते म्हणाले. "लायलपूरहून आम्ही अकरा जण निघालो, चार जण पोचलो. तेव्हा सगळे शहाणे लोक सांगत होते, आता हे असंच चालणार, आता माणूस माणसाच्या दारात उभा राहणार नाही. मग ते थांबलं. कधी थांबलं, विचाराल तर मला सांगता यायचं नाही. सुरू झाल्याचा दिवस सगळ्यांना पाठ असतो. थांबल्याचा दिवस कुणी लिहून ठेवत नाही."

"म्हंजे ह्येबी थांबंल?"

"थांबेल. मी एवढं जगलोय म्हणून सांगतो. पण तोवर ज्यांच्या घरातली जातात त्यांना हे सांगू नये. त्यांच्यासाठी ते कधीच थांबत नाही."

तात्यांनी मान डोलावली होती. आपल्या हातानं त्यांना पान लावून दिलं होतं.

आणि आता हे. मी सुतळी टाकून दिली आणि म्हणालो, "मी त्यांना काय सांगू?"

"खरं त्ये सांग," तात्या म्हणाले. "त्या बाईनं ह्यांचा फेटा बघितला आन मांडवात हंबरडा फोडला, तर काय करशील? नवऱ्याकडचं उठून गेलं तर? शालनला घरात बसवू का जन्मभर?"

मी सरदारजींकडे गेलो. ते आंघोळ करून, धुतलेला केशरी फेटा बांधून पुढच्या सोप्यात बसले होते. मांडीवर कागदात गुंडाळलेली एक फुलकारी होती. तांबड्या कापडावर पिवळ्या रेशमानं भरलेली ती ओढणी त्यांच्या बायकोनं दिली होती. अक्षता पडल्या की ती शालनच्या डोक्यावर आपल्या हातानं घालायची, असं त्यांच्या मनात होतं.

मी खरं ते सांगितलं. हौसाबाईंचं सांगितलं, अशोकचं सांगितलं. माझी मान वर होत नव्हती.

सरदारजी लगेच उठले. "अरे, मग आधी का नाही बोललास? त्या माउलीला आज माझं तोंड कशाला दिसायला हवं? चल, कुठं बसायचं दाखव." फुलकारी त्यांनी काखेत धरली. "हे नंतर देईन. लग्न लागू दे आधी."

वैरणीची खोली घराच्या मागं, परड्याच्या टोकाला होती. दगडी भिंती, वर पत्रा, एका बाजूला कडब्याच्या पेंढ्या छतापर्यंत रचलेल्या. खिडकी नव्हती, भिंतीत वर एक झरोका, तोही कडब्यानं झाकलेला. मी बाज टाकली, कळशी ठेवली, दार उघडं ठेवलं म्हणजे वारा येईल असं म्हणालो.

"तू जा," ते म्हणाले. "बहिणीचं लग्न आहे. इथं काय करतोस?"

वऱ्हाड दोन ट्रक भरून आलं. उन्हाचा नुसता जाळ होता. मी नवरीचा भाऊ. वऱ्हाडाला पाणी, मानपान, आहेर, नवऱ्या मुलाचा कान पिळायचा, सगळं माझ्याकडं. मधे एकदा चुलतभावाला म्हणालो, "सरदारजींना ताट नेऊन दे." तो म्हणाला, "तात्या म्हणालं, मी बघतो." मी निर्धास्त झालो.

हौसाबाई मांडवाच्या कडेला बसल्या होत्या. शांतच होत्या. वाळलेल्या, कपाळ मोकळं. कुणाशी बोलत नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांना डोळा भिडला की मला वाटायचं, बरं झालं सरदारजी मागं आहेत ते.

मंगलाष्टका सुरू झाल्या. बँडवाले विट्याहून आणले होते. शेवटच्या मंगलाष्टकेच्या आधीच त्यांनी एकदम असा कल्ला केला की भटजींना हातानं थांबायची खूण करावी लागली. पण बँडवाले थांबले नाहीत. लोक हसले. अक्षता पडल्या.

जेवणं झाली, रडारड झाली, पाठवणी झाली. ट्रक ओढा ओलांडून गेले, धुरळा खाली बसला, तसा मी धावत मागं गेलो. हातात ताट होतं: बुंदी, भात, वांग्याची भाजी.

दाराला बाहेरून कडी होती. कडीत लाकडाची खुंटी ठोकलेली.

क्षणभर मला वाटलं, सरदारजी कुठंतरी फिरायला गेले असतील आणि कुणीतरी दार लावून घेतलं असेल. मी ताट खाली ठेवलं, खुंटी उपसली.

आतून जो गरम वाफारा आला तो अजून माझ्या तोंडावर आहे. सरदारजी बाजेवर नव्हते. दाराला टेकून खाली जमिनीवर, फटीला तोंड लावून बसले होते. मी दार ओढलं तसे ते जवळजवळ माझ्या पायांवर आले. फेटा सोडून मांडीवर घेतलेला. पांढरे केस खांद्यावर ओले होऊन चिकटलेले. तीन वर्षं मी त्यांच्या घरात राहिलो, पण उघड्या डोक्यानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला बघताच त्यांनी घाईघाईनं फेटा उचलला आणि गुंडाळायला लागले. पदर सुटत होता. मी दुसरीकडं तोंड फिरवलं. एवढंच मला सुचलं.

कळशी आडवी पडली होती. कोरडी.

"लागलं लग्न?" त्यांनी विचारलं. आवाज पार बसलेला होता. "मुलगी हसत गेली ना?"

"सरदारजी, हे दार..."

तेवढ्यात तात्या आले. नवं धोतर, कपाळाला कुंकवाचा मळवट. दारात मी, उंबऱ्यावर सरदारजी आणि जमिनीवर पडलेली खुंटी, हे सगळं त्यांना एकदमच दिसलं. ते जिथल्या तिथं उभे राहिले.

सरदारजींनी माझ्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. "उत्तमसिंग, तात्याजींना सांग, मला इतकी गाढ झोप लागली की दार कधी लावलं मला कळलंच नाही. आत्ता जाग आली."

मी ते तात्यांना सांगितलं. तात्या वळले आणि विहिरीकडं चालत गेले.

सरदारजींनी ताटातलं सगळं खाल्लं, बुंदी दोनदा मागून घेतली. फुलकारी आईच्या हातात दिली आणि सांगितलं, मुलगी माहेरी आली की घाला. आई रडायला लागली. तिला वाटलं, शालन गेली म्हणून सरदारजींचा आवाज असा बसलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना नांदेडच्या गाडीत बसवून दिलं. तात्या निरोपाला आले नाहीत. बैलाला काहीतरी झालंय म्हणून ते परड्यात थांबले. बैलाला काही झालेलं नव्हतं.

महिन्याभरानं मी पंजाबात परत गेलो. मला वाटत होतं, सरदारजी आता दुकान खाली करायला सांगतील. त्यांनी फक्त विचारलं, "शालन कशी आहे?" आणि संध्याकाळी खुर्ची घेऊन दारात येऊन बसले. मी दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा त्यांनी आडतीतल्या गव्हाच्या गोष्टी सुरू केल्या. पुढची तीनचार वर्षं आणखी वाईट गेली. आमच्याच गल्लीत एका डॉक्टरला मारलं, पुढच्या चौकातल्या एका सरदार पोराला पोलीस घेऊन गेले तो परत आला नाही. सरदारजींची खुर्ची मात्र चुकली नाही. मग मीच धंदा कोइमतूरला हलवला. भीतीनं नव्हे, थोरल्या भावानं तिथं मोठं दुकान घेतलं म्हणून. पण तात्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला, तो मी पंजाबातनं सुटलो म्हणून की ते सरदारजींपासून सुटले म्हणून, हे मला कळलं नाही.

तात्यांनी त्या लग्नानंतर रेडिओवरच्या बातम्या ऐकणं सोडलं होतं. सातच्या बातम्या लागल्या की उठून जायचे. घरात सरदारजींचं नाव निघत नव्हतं.

बारा वर्षं गेली. एका दिवाळीला मी गावी आलो होतो. तात्या आता काठी घेऊन चालायचे. आम्ही दोघं उसाच्या कडेनं निघालो होतो. अचानक त्यांनी विचारलं, "पंजाबात आता कसं हाय रं?"

"शांत आहे, तात्या. आता कुठं काय? आपली पोरं परत जाऊन दुकानं टाकायला लागली."

"कवापासनं?"

मी सांगायला गेलो आणि अडखळलो. मला सालही नक्की सांगता येईना.

तात्या बांधावर बसले. काठी आडवी धरली.

"मला ऐकू आलं हुतं," ते म्हणाले.

"काय?"

"त्यो दार वाजवत हुता. अक्षता हातात हुत्या माझ्या. आदी हळू, मग जोरात. 'तात्याजी, पाणी' म्हणत हुता. मी मागच्या कडंला हुतो, म्हणून मलाच ऐकू आलं." त्यांनी बांधावरचं गवत उपटलं. "मी बँडवाल्याला खुणावलं. जोरात वाजीव म्हणून."

उसात वारा वाजत होता.

"कडी कशाला लावली, तात्या? ते आपण होऊन बसले होते की आत."

"मलाबी वाटलं, तुला सांगावं, की पोरंसोरं दार उघडतील म्हणून लावली. आईला तुझ्या तसंच सांगितलं हुतं." त्यांनी मान हलवली. "तसं न्हवतं. कडीवर हात ठेवला तवा माझ्या मनात आलं, काय सांगावं, हाय तर त्यांच्यातलाच. कोण जाणं काय करंल. तीन दिवस माझ्या शेजारी बसून जेवला, तुला तीन वर्षं सांभाळलं. आन सकाळच्या एका बातमीनं मला तसं वाटलं, उत्तम. मी खुंटी ठोकली."

काठी टेकत ते उठले आणि म्हणाले, "मला तिकडं ने. मेला नसंल तर. त्याच्या पायावर डोकं ठेवून सांगायचंय."

आम्ही त्याच हिवाळ्यात गेलो. तात्या सगळ्या वाटेत खिडकीशी बसून होते. मोहरीची पिवळी शेतं आली तेव्हा एकदाच बोलले: "हिंदीत 'चुकलो' कसं म्हणत्यात?" मी सांगितलं. ते तोंडातल्या तोंडात घोकत राहिले.

लाभसिंग अंगणात उन्हाला बसले होते. दाढी आता संपूर्ण पांढरी, एका डोळ्यात मोतीबिंदू. मला ओळखलं. तात्यांना ओळखायला एक क्षण लागला. मग ते असे उठले की खुर्ची मागं पडली. तात्या वाकायला गेले, पण सरदारजींनी त्यांना खांद्यांना धरून वर ओढलं आणि छातीशी धरलं. तात्यांचं घोकलेलं वाक्य तिथंच राहिलं.

घरातली सगळी गोळा झाली. मुलगा, सून, शाळेच्या वेण्या घातलेली नात जसलीन. ताटं आली. सून वाढता वाढता मला म्हणाली, "हेच का तात्याजी? अहो, यांच्याकडच्या लग्नाची गोष्ट ऐकूनच आमची पोरं मोठी झाली!"

तात्यांनी मला विचारलं, "काय म्हणती?"

मी सांगू लागलो. ती आणखी पुढं सांगत होती आणि मी एकेक वाक्य मराठीत तात्यांच्या कानात घालत होतो. माझं मला कळत होतं की हे आपण सांगू नये, पण तात्या माझी बाही ओढत होते, पुढं काय, पुढं काय म्हणून.

"बापूजी म्हणतात, त्या दिवशी सकाळीच इकडची वाईट बातमी गेली होती. बापूजींना वाटलं, आता कोण आपल्याशी बोलणार? पण तात्याजींनी त्यांना सगळ्या वऱ्हाडादेखत हाताला धरून पुढं बसवलं. पहिलं पान बापूजींचं. आणि एक म्हातारी होती म्हणे, तिचा मुलगा इथंच बसमध्ये मारला गेला होता. ती उठली, बापूजींच्या शेजारी येऊन बसली आणि त्यांचे हात धरून रडली. त्या काळात रोज कुणीतरी येऊन सांगायचं, पंजाबबाहेर आपल्या लोकांना काय काय केलं. माझे दीर तर पेटून उठले होते, बंदूकवाल्यांकडं जाण्याच्या गोष्टी बोलायचे. बापूजी त्यांना समोर बसवायचे आणि ही गोष्ट सांगायचे. पुन्हा पुन्हा. दिरांचं आता ट्रॅक्टरचं दुकान आहे."

मी शेवटचं वाक्य तात्यांना सांगितलं आणि थांबलो.

लाभसिंग मान खाली घालून रोटी मोडत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

तात्यांच्या हातातला घास हातातच होता. त्यांचे ओठ हलले. घोकलेले शब्द ते शोधत होते, हे मला दिसत होतं. एवढ्या लांब ते म्हणायलाच तर आले होते. त्यांनी सुनेकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं. सगळे हसऱ्या तोंडानं त्यांच्याकडं बघत होते, आता म्हातारा काहीतरी गोड बोलणार म्हणून.

जसलीन म्हणाली, "बाबाजी, तुमच्याकडं आता कुणाचं लग्न आहे? मलाही न्या ना."

मी ते मराठीत सांगितलं.

"सांग तिला," तात्या म्हणाले. "कवाबी ये म्हणावं."

त्यांनी घास ताटात ठेवला आणि हात धुवायला म्हणून उठले. अंगणातल्या हापशापाशी ते आमच्याकडं पाठ करून कितीतरी वेळ उभे राहिले. दांडा हलवलाच नाही. सून पाणी हापसून द्यायला निघाली, तशी लाभसिंगांनी तिची ओढणी हलकेच धरली.

"राहू दे," ते म्हणाले. "त्यांना जरा एकटं राहू दे."